रक्ताचा रिपोर्ट आणि बिडीचा दम: लॅबच्या खिडकीवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढण्याचं आणि ते मशीनवर लावण्याचं काम करतो. मी डॉक्टर नाही. पण रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी मलाच विचारतो, कारण डॉक्टरांकडे नंबर लागायला दोन तास असतात आणि मी समोरच्या खिडकीत असतो. बाहेरचा बोर्ड कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि प्रश्न मराठीत, अशी आमच्याकडची तऱ्हा. खानापूर, निपाणी, चिकोडी, येळ्ळूर, उचगावकडच्या लोकांनी बिडी, दम आणि रक्त यांबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथं उतरवलं आहे. औषध सुरू करायचं की बंद करायचं, ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

“रक्त सगळं नॉर्मल आलंय. मग दम का लागूलाय?”

हा पहिला प्रश्न, आणि याच्या पोटात एक गैरसमज आहे. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, रक्तातून ओळखता येत नाही. साखरेच्या आजाराला साखर मोजता येते, थायरॉइडला टीएसएच मोजता येतं. तशी सीओपीडीची रक्ताची तपासणी नाही. तो ओळखायचा तो फुंकून. स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते: पूर्ण श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, शेवटपर्यंत फुंकायचं. एकूण बाहेर पडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, याचं गुणोत्तर काढतात. पंपाचं (इनहेलरचं) औषध देऊन, थोडं थांबून पुन्हा फुंकायला लावल्यावरही ते ०.७० च्या खाली राहिलं, तर नळ्या अडल्या आहेत असं धरतात.

मग रक्त कशाला काढायचं? आजार किती पुढे गेलाय, शरीर त्याच्याशी कसं झुंजतंय, कुठलं औषध लागू पडेल आणि कुठलं अंगलट येईल, हे रक्त सांगतं. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी. आमच्याकडे कित्येक जण ‘सीबीसी नॉर्मल’ हा कागद घडी घालून खिशात ठेवतात आणि घरी बायकोला दाखवतात: बघ, बिडीनं काही झालं नाही. तो कागद बिडीला निर्दोष सोडत नाही. त्यानं बिडीची चौकशीच केलेली नसते.

“दमा आणि हे एकच नव्हं?”

नव्हे. दमा बहुतेकदा लहानपणी किंवा तरुणपणी येतो, कधी उसळतो, कधी महिनोन्‌महिने गप्प असतो, आणि पंप घेतला की नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या होतात. सीओपीडी चाळिशीनंतर हळूहळू चढतो. आधी सकाळचा खोकला आणि बेडका, मग चढ चढताना दम, मग सपाटीवर, मग आंघोळ करताना. काहींना दोन्ही असतात. आमच्याकडे दोघांनाही ‘दमा’च म्हणतात, त्यामुळे कितीतरी लोक वर्षानुवर्षं चुकीच्या नावाखाली औषध घेत असतात.

“बिडी ओढल्यावर रक्तात नेमकं काय होतं?”

बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हे ऑक्सिजन वाहणारं वाहन. ऑक्सिजनला त्या वाहनात बसायला जागा हवी असते, पण कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी चिकटण्याची ताकद ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट. म्हणजे थोडासा आला तरी तो आधी जागा पकडतो आणि लवकर उठत नाही. भरीस भर म्हणजे उरलेल्या जागांवर बसलेला ऑक्सिजनही तो सहज उतरू देत नाही. स्नायूच्या दारात जाऊन माल उतरलाच नाही, तर ट्रक भरलेला असून काय उपयोग?

न ओढणाऱ्याच्या रक्तात अशी अडलेली हिमोग्लोबिनं साधारण एक-दोन टक्क्यांपर्यंत असतात. रोज ओढणाऱ्यात तीन ते आठ टक्के सहज, आणि एकामागून एक ओढणाऱ्यात दहाच्याही पुढे. शंभरातली आठ-दहा वाहनं कायम बिडीच्या कामावर. निरोगी माणूस हे खपवून घेतो. ज्याच्या फुप्फुसात मुळातच हवा कमी पोहोचते, त्याला तेवढंसुद्धा जड जातं.

इथे एक खास निपाणीचा प्रश्न येतो: “बिडीत तंबाखू किती असतो? सिगारेटीच्या पाव पण नाही!” खरं आहे, बिडीत साधारण ०.२ ग्रॅम तंबाखू असतो, सिगारेटीपेक्षा खूप कमी. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा आरपार जात नाही, कागदातून जाते. बिडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढावी लागते. त्यामुळे एका बिडीतून मिळणारा कार्बन मोनॉक्साइड, निकोटिन आणि डांबर सिगारेटीपेक्षा कमी नसतं, उलट जास्तच असतं. ‘गरिबाची हलकी वस्तू’ ही समजूत मोडायला मला आजवर जमलेलं नाही. निपाणीत तंबाखू म्हणजे नुसतं व्यसन नाही, तो पोटाचा प्रश्न आहे. १९८१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता. वखारीत काम करून पोरं शिकवलेल्या बाईपुढं बोलताना मी आवाज खाली ठेवतो.

“बोटाला लावायचं यंत्र ९७ दाखवतंय. मग ऑक्सिजन चांगला आहे ना?”

बिडी ओढणाऱ्याच्या बाबतीत या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ते यंत्र बोटातून लाल प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाठवतं आणि रक्ताच्या रंगावरून हिशेब करतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडकच दिसतं. यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. नुकतीच बिडी टाकून आलेल्या माणसाचं ९७ म्हणजे खरोखरीचं ९० असू शकतं. हा फरक दाखवणारी वेगळी सोय असते, तिला को-ऑक्सिमीटर म्हणतात. ती सगळ्या लॅबमध्ये नसते.

नखाला मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल, बोटं गार पडली असतील, तरीही आकडा चुकतो. बेळगावच्या जानेवारीत पहाटे हे रोजचंच. आधी हात चोळून गरम करा. आणखी एक: आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, त्यामुळे गोव्यातल्या पाहुण्यापेक्षा आपला रक्तातला ऑक्सिजन किंचित कमी असणं स्वाभाविक आहे. एखाद्या टक्क्यासाठी घाबरून रात्री दवाखान्यात धावू नका.

“हिमोग्लोबिन १८ आलं. लोकांना १० असतं, आमचं १८! चांगलं की!”

खानापूरकडचे एक मामा हे सांगताना इतके खूश होते की मला लगेच बोलवेना. पुरुषात साधारण १३ ते १७ हे ठीक. १८ म्हणजे शरीरानं ओरडून सांगितलं आहे की मला ऑक्सिजन पुरत नाही.

होतं असं. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचा संदेश सोडतं आणि अस्थिमज्जा जास्त लाल पेशी बनवायला लागते. एक तर फुप्फुस पुरेसा ऑक्सिजन देत नाही, वर बिडीचा कार्बन मोनॉक्साइड आठ-दहा टक्के वाहनं अडवून धरतो. दोन्हीकडून टंचाई, म्हणून वाहनं वाढवली. सीबीसीमध्ये हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही असा आकडा असतो, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के; तोही याबरोबर चढतो. रक्त घट्ट होतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावावा लागतो, गुठळी होण्याची भीती वाढते. पाय सुजणं, ओठ निळसर पडणं हे त्यातूनच.

मात्र उलटंही खरं. जुन्या सीओपीडीत हिमोग्लोबिन कमी असणंही सामान्य आहे, कारण सततची सूज आणि खालावलेलं खाणं. ११ हिमोग्लोबिन आणि सीओपीडी दोन्ही असलेला माणूस १४ वाल्यापेक्षा लवकर थकतो. म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या मनानं घेऊ नका आणि मनानं बंदही करू नका. १८ वाल्यानं तर आधी बिडी टाकावी. बिडी सुटली की हा आकडा काही आठवड्यांत उतरायला लागतो, हे मी कागदावर पाहिलंय.

“मनगटातून रक्त का काढता? एवढं दुखतंय ते?”

कारण कोपराच्या खळगीतून काढतो ते नीलेतलं, वापरून परत आलेलं रक्त. फुप्फुसानं ताजं काय भरून पाठवलं ते पाहायला धमनीतलं लागतं, आणि धमनी मनगटाजवळ हाताला लागते. दुखतं, खोटं कशाला बोलू. नंतर पाच मिनिटं दाबून धरा, लगेच पिशवी उचलू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधी सांगा.

या तपासणीला एबीजी म्हणतात. त्यात चार आकडे पाहायचे. पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता (आकडा उतरला की रक्त आंबट): ७.३५ ते ७.४५. कार्बन डायऑक्साइडचा दाब: ३५ ते ४५. ऑक्सिजनचा दाब: ८० ते १०० (वय वाढलं की कमी). बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारं द्रव्य: २२ ते २६. पहिल्यांदा पीएच पाहा, मग कार्बन डायऑक्साइड, मग बायकार्बोनेट. लोक नेमके उलटं करतात, ऑक्सिजनचा आकडा शोधून थांबतात.

आता गोष्ट अशी आहे. फुप्फुस कमकुवत झालं की ऑक्सिजन आत येणं कमी होतंच, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर जाणंही अडतं. तो रक्तात पाण्याबरोबर कार्बोनिक आम्ल बनवतो आणि रक्त आंबट होतं. मूत्रपिंड हे पाहून बायकार्बोनेट राखून ठेवायला लागतं, म्हणजे खारेपणा वाढवून आंबटपणा मारतं. पण मूत्रपिंड आपल्या चालीनंच चालतं. त्याला तीन ते पाच दिवस लागतात. म्हणून अचानक बिघडलेल्या माणसात कार्बन डायऑक्साइड १० नं वाढला तर बायकार्बोनेट जेमतेम १ नं वाढतं; वर्षानुवर्षांच्या रोग्यात तेच ३.५ ते ४ नं वाढतं.

समजा एका माणसाचा पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट ३३. हे जुनं दुखणं, शरीरानं जुळवून घेतलेलं. दुसऱ्याचा पीएच ७.२४, कार्बन डायऑक्साइड तेवढाच ६०, बायकार्बोनेट २५. याला ताबडतोब दाखल करायला हवं. एकाच आकड्यावर बोट ठेवून ‘साठ आलंय’ म्हणणाऱ्याला दोघं सारखेच दिसतात.

कधी साध्या इलेक्ट्रोलाइट्सच्या (रक्तातल्या क्षारांच्या) रिपोर्टात बायकार्बोनेट ३० च्या वर दिसतं आणि कुणी लक्ष देत नाही. बिडी ओढणाऱ्या, सकाळी उठल्यावर डोकं दुखणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसात ती खूण असू शकते की रात्री कार्बन डायऑक्साइड साठतोय. मी असा कागद पाहिला की खिडकीतूनच सांगतो, डॉक्टरांना हा आकडा दाखवा बरं का.

“सिलिंडर घरात आहे. ऑक्सिजन जास्त सोडला तर काय बिघडतं? हवाच की ती!”

बिघडतं. माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत आमच्याच घरात हे झालंय. रात्री दम लागला, यंत्रावर ८६ दिसलं, चुलतभावानं घाबरून सिलिंडरचा खटका पूर्ण फिरवला. अर्ध्या तासात ९९ झालं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. काका शांत झोपले, तेव्हा आम्हाला ते बरं वाटल्याचं लक्षण वाटलं. पहाटे हाक मारली तर नुसतं हूं. दवाखान्यात एबीजी काढलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड ९० च्या पुढे होता. गुंगी कार्बन डायऑक्साइडची होती. ते वाचले, पण तीन दिवस तोंडावर मास्क आणि मशीनचा दाब.

कारण असं. जुन्या रोग्याच्या फुप्फुसात काही भाग बंद पडल्यासारखे असतात आणि शरीर शहाणपणानं तिकडचा रक्तप्रवाह कमी करून ठेवतं. ऑक्सिजन भरपूर आला की त्या बंद भागातही रक्त वाहायला लागतं, कार्बन डायऑक्साइड सोडायला जागा नसलेल्या ठिकाणी. दुसरं, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन जास्त मिळाला की ते पकडलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात सोडून देतं. श्वासाची गतीही थोडी मंदावते. म्हणून अशा रोग्यांत ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांवर राखतात, १०० करत नाहीत. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या रोग्यांवर हे पडताळून पाहिलं गेलं: मोजून ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू स्पष्टपणे कमी होते.

घरचा ऑक्सिजन कुणाला लागतो हेही एबीजीच ठरवतं. शांत बसलेला असताना, आजार स्थिर असताना, ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली असेल. किंवा ५६ ते ५९ च्या दरम्यान असून रक्त घट्ट झालं असेल वा उजवं हृदय थकलं असेल, तर. आणि तो दिवसातून निदान १५ तास घ्यायचा, दम लागला की पाच मिनिटं असं नव्हे.

ऑक्सिजन चालू असताना त्याच खोलीत बिडी पेटवू नका. सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे. नळीजवळ काडी ओढली की तोंड भाजतं, गादी पेटते.

“रिपोर्टात इओसिनोफिल जास्त म्हणून लिहिलंय. हे काय?”

पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. सीओपीडीत याला महत्त्व यासाठी की पंपातलं स्टेरॉइड कुणाला उपयोगी पडेल याचा अंदाज यावरून येतो. एक मायक्रोलिटरला ३०० किंवा जास्त असतील आणि वारंवार दुखणं उसळत असेल, तर फायदा होण्याची शक्यता चांगली. १०० च्या खाली असतील तर फायदा कमी, न्यूमोनियाचा धोका मात्र राहतो. मधल्यांचं डॉक्टर ठरवतात.

कागदावर कित्येकदा टक्केच असतात. एकूण पांढऱ्या पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ४ टक्के, तर ८,००० चे ४ टक्के म्हणजे ३२०. हा गुणाकार कुणालाही करता येतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्टेरॉइडची गोळी चालू असताना हा आकडा खाली जातो, त्यामुळे त्या काळातला रिपोर्ट कामाचा नाही. आणि पोटात जंत असले तरी तो वाढतो. शेणामातीत अनवाणी काम करणाऱ्याचे १,२०० आले तर आधी जंतांचा विचार करावा लागतो.

“अल्फा-वन म्हणून एक तपासणी सांगितलीय, महाग आहे. करू का?”

आपल्या यकृतात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन बनतं. पांढऱ्या पेशी जंतू मारताना इलास्टेज नावाचं पाचक द्रव्य सोडतात. ते फुप्फुसाचाच लवचिक धागा खाऊ नये म्हणून हे प्रथिन पहारा देतं. बिडीचा धूर दोन्हीकडून घात करतो. पांढऱ्या पेशी जास्त बोलावतो, म्हणजे खाणारे वाढवतो, आणि पहारेकऱ्याला ऑक्सिडेशननं निकामी करतो. रक्त आणि धूर यांचं नातं याहून नीट दाखवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

काहींच्या रक्तात जन्मतःच हे प्रथिन फार कमी असतं. १९६३ साली स्वीडनमधल्या लॉरेल आणि एरिक्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या पाहताना काही जणांत एक पट्टीच नाहीशी असल्याचं ओळखलं, आणि त्यांतल्या काहींना तरुणपणीच एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या झिजून फुटण्याचा आजार, झालेला होता. आपल्याकडे हा दोष विरळा. पण पंचेचाळिशीच्या आतच आजार झाला, बिडी फारशी ओढलेली नाही, किंवा घरात यकृताचा आणि फुप्फुसाचा आजार चालत आला असेल, तर एकदा करून घ्या. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना नको. तेव्हा हा आकडा तात्पुरता वर जातो आणि दोष झाकला जातो.

“बाकी रक्तात काय काय बदलतं?”

थोडक्यात सांगतो. बिडी ओढणाऱ्यांत पांढऱ्या पेशी कायम थोड्या जास्त असतात. प्रत्येक वेळी तो जंतुसंसर्ग नसतो. सीआरपी आणि फायब्रिनोजेन ही सुजेची मापं वाढलेली राहू शकतात. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, उतरलं तर खाणं सुधारायला हवं. सीओपीडीत श्वास घेण्यातच इतकी ताकद जाते की माणूस वाळत जातो. सीईए नावाची कर्करोगाच्या संदर्भातली तपासणी बिडी ओढणाऱ्यांत थोडी जास्त येते, म्हणून ४ पाहून रात्रभर रडू नका, डॉक्टरांना विचारा.

बिलिरुबिनची गंमत वेगळी. हे कावीळ मोजायचं द्रव्य, पण ते ऑक्सिडेशनला आवर घालतं. धूम्रपान करणाऱ्यांत ते किंचित कमी असतं. २०११ साली ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींच्या अभ्यासात दिसलं की नेहमीच्या मर्यादेतच बिलिरुबिन थोडं जास्त असणाऱ्यांत सीओपीडी आणि फुप्फुसाचा कर्करोग कमी होता. हे नुसतं सोबत आढळणं आहे, उपाय नव्हे. एकानं मला विचारलं होतं, मग कावीळ झालेली बरी का? नाही हो.

“वाफ घेतल्यावर हात थरथरतात, पाय वळतात. वाफेत काय असतं?”

यंत्रातून (नेब्युलायझरमधून) देतात त्या वाफेत असतं सालब्युटामॉल. ते नळ्या उघडतं, त्याच वेळी रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. सोबत स्टेरॉइड आणि लघवीची गोळी असेल तर पोटॅशियम आणखी उतरतं; ३.५ च्या खाली गेलं की पाय वळणं, अशक्तपणा, हृदयाचे ठोके चुकणं. स्टेरॉइडनं साखरही चढते. म्हणून दुखणं उसळून दाखल झालेल्याचं पोटॅशियम आणि साखर रोज पाहतात. ‘रोज रोज रक्त काढतात’ म्हणून वैतागू नका.

“मी बिडी सोडली आणि डेरिफायलिननं मळमळायला, धडधडायला लागलं. बिडी सोडल्यानं उलटं झालं का?”

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि विचारायला हवा तो हाच. डेरिफायलिनसारखी थिओफिलीनच्या जातीची औषधं यकृतात जाळली जातात. बिडीचा धूर यकृतातली ती भट्टी भडकवून ठेवतो, त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातून औषध दीड ते दोन पट वेगानं जातं आणि डॉक्टर तेवढा डोस वाढवून देतात. बिडी थांबली की आठवडाभरात भट्टी मंदावायला लागते, डोस मात्र तोच. रक्तात औषध साठतं: मळमळ, धडधड, झोप उडणं, आणि फार वाढलं तर आकडी. हे करतो तो धुरातला डांबराचा भाग, निकोटिन नव्हे. म्हणून निकोटिनची गोळी किंवा पट्टी घेतल्यानं ते टळत नाही. बिडी सोडायच्या दिवशीच डॉक्टरांना सांगा, डोस कमी करतील. सिप्रोफ्लॉक्सासिन ही जुलाब-लघवीसाठी सर्रास मिळणारी गोळीही थिओफिलीन साठवते. मेडिकलमधून मनानं घेऊ नका.

“माझ्या आईनं आयुष्यात बिडी ओढली नाही. तिला कसा झाला?”

चूल. तीस-चाळीस वर्षं भाकरी थापताना ओल्या लाकडाचा, शेणीचा, उसाच्या पाचटाचा धूर. त्यातही कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक कण असतात. गॅस आला तरी आंघोळीचं पाणी आणि जनावरांचं आंबोण कित्येक घरांत अजून चुलीवरच तापतं. मिश्री भाजताना तव्यावर तंबाखू जळतो, तो धूरही तिच्याच छातीत.

आपल्या भागात आणखी खूप काही आहे. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रीतली वाळूची धूळ, वडगाव-खासबागच्या मागावरची सुताची धूळ, गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर, निपाणीच्या वखारीतली तंबाखूची धूळ. आणि जुना टीबी, जो बरा झाला तरी फुप्फुसात वण ठेवून जातो. फाउंड्रीतल्या माणसानं एक्स-रे काढताना ‘मी वाळूत काम केलंय’ हे आवर्जून सांगावं. सिलिकोसिस आधी एक्स-रेमध्ये दिसतो, रक्तात नाही.

“मी ओढत नाही, मळून खातो. मग?”

फुप्फुसाच्या नळ्यांना धूर लागत नाही एवढंच. तोंड, हृदय, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा.

“बिडी सोडली तर रक्त किती दिवसांत धुऊन निघतं?”

कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात आधी. साध्या हवेत दर चार-पाच तासांनी तो निम्मा होतो, म्हणजे एका दिवसात जवळजवळ साफ. पांढऱ्या पेशी आणि हिमोग्लोबिन आठवडे-महिने घेतात. तुटलेला लवचिक धागा मात्र परत येत नाही.

मग उपयोग काय? तो पुढच्या वर्षांच्या हिशेबात आहे. वयाप्रमाणे प्रत्येकाची फुंकर, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, वर्षाला साधारण ३० मिलिलिटरनं कमी होतेच. आजार लागलेल्या आणि ओढत राहिलेल्यात ती ६० किंवा जास्त. सोडली की घसरण पुन्हा ३० मिलिलिटरच्या आसपास येते. फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ साली लंडनच्या कामगारांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून हेच मांडलं होतं. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही ते लागू आहे. ‘आता काय उरलंय’ म्हणणाऱ्या तात्यांना मी हे आकडे कागदावर लिहून देतो. तोंडानं सांगितलेलं ते खोकल्यात उडवून लावतात.

सोडायला मदत हवी असेल तर देशभराची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. निकोटिनची गोळी किंवा पट्टी मेडिकलमध्ये मिळते, पण हृदयाचा आजार असेल तर आधी विचारून घ्या.

“तपासणीला येताना काय काय आणायचं?”

जुने रिपोर्ट, सगळे. विशेषतः बरं असतानाचं एबीजी. तुमचा नेहमीचा कार्बन डायऑक्साइड ५५ आहे हे कळलं तर रात्री दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांचा अर्धा गोंधळ वाचतो. गोळ्यांच्या पट्ट्या आणि पंप पिशवीत घालून आणा, नावं तोंडपाठ करू नका. ऑक्सिजन किती लिटरवर चालू होता ते लिहून आणा, त्याशिवाय एबीजीचा अर्थ लागत नाही. वाफ घेतल्यावर लगेच एबीजी नको, अर्धा तास थांबू.

आणि दारात शेवटची बिडी ओढून येऊ नका. आलात, तर निदान खरं सांगा. मी रिपोर्टाच्या कोपऱ्यात ‘नुकतीच ओढलेली’ असं लिहितो, म्हणजे डॉक्टर तो आकडा त्या नजरेनं वाचतात.